दिव्याचे खांब आणि ताशी २० मैल : वेल्समधील वेगमर्यादेचे प्रकरण

वेल्समधील एखाद्या गावात शिरताना तिथे किती वेगाने गाडी चालवायची हे कळण्यासाठी पाटी शोधत बसावे लागत नाही. रस्त्याकडेचे दिव्याचे खांब पाहिले तरी पुरते. दोन खांबांमधील अंतर २०० यार्डांपेक्षा, म्हणजे सुमारे १८३ मीटरपेक्षा जास्त नसेल, तर तो रस्ता ब्रिटिश कायद्याच्या भाषेत ‘निर्बंधित रस्ता’ ठरतो आणि वेगळा आदेश काढून वेगळी पाटी लावलेली नसेल तर त्याला एक ठरावीक वेगमर्यादा आपोआप लागू होते. १९३५ पासून ही मर्यादा ताशी ३० मैल होती. १७ सप्टेंबर २०२३ रोजी वेल्सपुरती ती ताशी २० मैल झाली. किलोमीटरमध्ये सांगायचे तर सुमारे ४८ वरून ३२.

वरवर पाहता हा एका आकड्याचा बदल होता. त्यासाठी रस्ते खोदले गेले नाहीत, सरसकट गतिरोधक बसवले गेले नाहीत, वाहनांत कोणतेही नवे यंत्र सक्तीचे झाले नाही. तरीही सुमारे ३१ लाख वस्तीच्या या देशात बदलाविरुद्धच्या अर्जावर ४,६९,५७१ सह्या झाल्या आणि वेल्सच्या संसदेकडे, म्हणजे सेनेडकडे, तोवर आलेल्या कोणत्याही अर्जापेक्षा हा आकडा मोठा ठरला. स्थानिक रस्त्यांवरील वेगमर्यादा कोण ठरवते, कोणत्या आधारावर ठरवते, आणि ठरवल्यानंतर ती सांभाळावी कशी लागते, हे समजून घेण्यासाठी या प्रकरणाइतके तपशिलात नोंदलेले दुसरे उदाहरण सहज सापडत नाही. माझ्या मते इथे २० हा आकडा चुकला नाही. अपवाद कोणते करायचे हे ठरवण्याची रीत मात्र कच्ची राहिली, आणि पुढचे सगळे रामायण त्यातून घडले.

आकड्याचा मागचा इतिहास

ताशी २० मैल हा ब्रिटनला नवा आकडा नाही. १९०३ च्या मोटारविषयक कायद्याने देशभर हीच मर्यादा घातली होती. ती कोणी पाळत नाही आणि पोलिसांना ती राबवताही येत नाही, या कारणाने १९३० च्या कायद्याने मोटारींवरील मर्यादा काढूनच टाकली. पुढची काही वर्षे वस्तीतील रस्त्यांवरही मोटारींना वेगाचे बंधन नव्हते. १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली, आणि तीही वाहने आजच्या मानाने अगदीच थोडी असताना. त्या वर्षीच्या कायद्यानुसार १८ मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आली. वस्तीचा भाग म्हणजे नेमका कोणता, हे प्रत्येक गावात जाऊन ठरवणे शक्य नव्हते, म्हणून खूण ठरवली ती रस्त्यावरच्या दिव्यांची. जिथे दिवे तिथे माणसे राहतात, हा साधा ठोकताळा होता. आज तो थोडा विचित्र वाटतो, पण त्यामुळे लाखो पाट्यांचा खर्च वाचला आणि जवळजवळ नव्वद वर्षे तो चालला.

वेगमर्यादेचे अधिकार वेल्सला मिळाले ते २०१७ च्या वेल्स कायद्याने, आणि प्रत्यक्षात २०१८ च्या एप्रिलपासून. पुढच्याच वर्षी तेव्हाचे मुख्यमंत्री मार्क ड्रेकफर्ड यांनी निवासी रस्त्यांवर २० ही मूळ मर्यादा करण्याचा मनोदय जाहीर केला. फिल जोन्स या वाहतूक अभियंत्याच्या अध्यक्षतेखाली कृतिगट नेमला गेला, त्याचा अहवाल जुलै २०२० मध्ये आला, आणि १२ जुलै २०२२ रोजी सेनेडने ३९ विरुद्ध १५ मतांनी आदेश मंजूर केला. मंजुरी आणि अंमल यांच्यात चौदा महिने ठेवले होते. हा काळ पुरेसा होता की नाही, याकडे पुढे यावेच लागेल.

दहा मैलांनी काय फरक पडतो

‘दहा मैलांनी असा काय मोठा फरक पडणार?’ हा या वादातला सर्वांत जास्त ऐकू आलेला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर ब्रिटनमधल्या प्रत्येक शिकाऊ चालकाला पाठ करावे लागणाऱ्या तक्त्यातच आहे. त्या तक्त्यानुसार ताशी २० मैलांनी चाललेली गाडी थांबायला १२ मीटर लागतात : चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत ६ मीटर आणि ब्रेक लागल्यानंतर आणखी ६. ताशी ३० मैलांना हेच अंतर २३ मीटर होते, ९ मीटर विचाराचे आणि १४ ब्रेकचे.

आता चेंडूमागे धावत एक मूल रस्त्यावर आले आहे आणि ते गाडीपासून बरोबर १२ मीटरवर आहे असे समजू. वीसची गाडी त्याच्या पुढ्यात येऊन थांबते. तीसच्या गाडीचे पहिले ९ मीटर चालकाच्या प्रतिक्रियेतच जातात, त्यामुळे ब्रेक लागल्यानंतर तिच्यापाशी फक्त ३ मीटर उरतात. तक्त्यातल्याच आकड्यांवरून गणित मांडले तर मुलापर्यंत पोचताना तिचा वेग अजून ताशी साडेसव्वीस मैल, म्हणजे सुमारे ४३ किलोमीटर असतो. म्हणजे एक गाडी उभी आहे आणि दुसरी जवळपास पूर्ण वेगात आहे. वेग दीडपट झाला तर गाडीची गतिज ऊर्जा सव्वादोनपट होते, हे शाळेतले सूत्र इथे त्या १२ मीटरांत उतरलेले दिसते.

असा हिशेब सगळ्याच रस्त्यांना लागू असता तर मोटरवेवरही २० लावावे लागले असते. प्रश्न उरतो तो मूल रस्त्यावर येण्याची शक्यता कुठे आहे याचा, आणि स्थानिक रस्त्यांची वेगमर्यादा ठरवण्याचे सगळे शास्त्र या एका प्रश्नाभोवती फिरते.

मर्यादा ठरवण्याच्या दोन रीती

वाहतूक अभियंत्यांची जुनी रीत उलट दिशेने जाते. रस्त्याच्या कडेला बसून वाहनांचे वेग मोजायचे, शंभरपैकी पंचाऐंशी वाहने ज्या वेगाला किंवा त्याहून कमी वेगाने जातात तो वेग काढायचा, आणि मर्यादा त्याच्या आसपास ठेवायची. यामागचा तर्क असा की बहुसंख्य चालक समंजस असतात, रस्ता पाहून वेग ठरवतात, आणि त्यांना पटणार नाही असा आकडा लावला तर तो फक्त पाटीवरच राहतो. ब्रिटिश परिवहन विभागाने २०१३ मध्ये स्थानिक परिषदांना, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना, दिलेल्या सूचनांत पंचाऐंशी टक्क्यांऐवजी सरासरी वेग धरला होता, आणि ज्या रस्त्यांवर सरासरी आधीच ताशी २४ मैलांच्या आत आहे तिथेच नुसत्या पाट्या लावून २० करावे असे सुचवले होते. थोडक्यात, जिथे लोक आधीच सावकाश जातात तिथे सावकाश जाण्याची पाटी लावायची. उपहास बाजूला ठेवला तरी ही रीत एका अर्थी प्रामाणिक होती, कारण पाटीची ताकद किती हे तिला माहीत होते. त्याच विभागासाठी २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या अभ्यासात, फक्त पाट्या लावून २० केलेल्या निवासी भागांत मधला वेग जेमतेम ०.७ मैलांनी उतरलेला आढळला.

रस्त्याची रचनाच बदलली तर चित्र वेगळे दिसते. उंचवटे, अरुंद केलेली तोंडे, वळणे यांनी बांधलेल्या ‘वीसच्या क्षेत्रां’ची १९९६ मध्ये पाहणी झाली तेव्हा सरासरी वेग सुमारे ९ मैलांनी, अपघात सुमारे ६० टक्क्यांनी आणि मुलांचे अपघात सुमारे ६७ टक्क्यांनी उतरलेले दिसले होते. पण देशभराच्या गल्लीगल्लीत असे बांधकाम करायला पैसा कुठून आणायचा? (आपल्याकडे या प्रश्नाला परस्पर उत्तर दिले जाते. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी गावकरी डांबराचा बांध घालून मोकळे होतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि ताशी २५ किलोमीटरने सहज ओलांडता येईल असा असतो. हातभर रुंदीचा आणि वीतभर उंचीचा तो बांध त्याचा दूरचा नातेवाईकही नसतो.)

वेल्सने तिसरी वाट घेतली. पाटीची ताकद कमी आहे हे मान्य करून त्याने पाटीऐवजी मूळ नियमच बदलला. २०२३ पूर्वी एखाद्या परिषदेला एखादी गल्ली २० ची करायची असेल तर १९८४ च्या रस्ता वाहतूक नियमन कायद्याच्या कलम ८४ खाली त्या गल्लीसाठी स्वतंत्र आदेश काढावा लागे. त्याची जाहीर सूचना, हरकतींची मुदत, हरकतींवर विचार, मग पाट्या, असा सगळा प्रवास प्रत्येक रस्त्यासाठी करावा लागे. पुरावा देण्याची जबाबदारी सावकाश जाऊ पाहणाऱ्याची होती. नव्या आदेशाने त्याच कायद्यातील कलम ८१ मधला आकडा वेल्ससाठी बदलला आणि जबाबदारी दुसऱ्या खांद्यावर गेली. आता गल्ली आपोआप २० ची झाली, आणि ती ३० ची ठेवायची असेल तर परिषदेने कलम ८४ चा आदेश काढून कारण द्यायचे. आकडा किती, यापेक्षा कारण कोणी द्यायचे, हा या बदलाचा गाभा होता, आणि बहुतेक राजकीय भाषणांत त्याचा उल्लेखही नव्हता.

महाराष्ट्रातील वाचकाला हा फरक चटकन जाणवावा असा आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार कमाल वेग केंद्र सरकार वाहनाच्या प्रकारानुसार ठरवते. ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका-नगरपालिका हद्दीतील रस्त्यांसाठी मोटारींना ताशी ७० किलोमीटर, दुचाकींना ६० आणि तीनचाकींना ५० अशी कमाल मर्यादा घातली होती. त्याहून कमी मर्यादा हवी असेल तर राज्य सरकारने किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकरणाने राजपत्रात अधिसूचना काढायची आणि पाट्या लावायच्या; निर्बंध महिन्याभराच्या आतला असेल तरच राजपत्रातून सूट मिळते. म्हणजे आपल्या मूळ नियमाला वाहन दिसते, नगरपालिकेची हद्द दिसते, पण रस्ता दिसत नाही. शाळेसमोरची गल्ली आणि शहराबाहेरून जाणारा रुंद रस्ता त्याला सारखेच. गल्लीसाठी मर्यादा कमी करून हवी असेल तर मागणी, पाठपुरावा आणि कारण हे सगळे गल्लीनेच द्यायचे असते.

अपवादांची मोजपट्टी

मूळ नियम उलटा केला की सगळा भार अपवादांवर येतो, कारण दिव्याच्या खांबांना गल्ली आणि हमरस्ता यांतला भेद कळत नाही. गावातून जाणारा, दोन्ही बाजूंना घरे असलेला रस्ता आणि दोन गावांना जोडणारा, एका कडेला दिवे आणि दुसऱ्या कडेला शेताचे कुंपण असलेला रस्ता, दोन्हींवर दिवे असतील तर दोन्ही ‘निर्बंधित’. म्हणून सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये २२ स्थानिक परिषदांना मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत दोन प्रश्न होते. या रस्त्यावरून किंवा तो ओलांडून लक्षणीय संख्येने माणसे पायी किंवा सायकलने जातात का, किंवा वेग कमी असता तर गेली असती का? आणि जात असतील, तर ती मोटारींमध्ये मिसळतात का, की त्यांना वेगळी, सुरक्षित जागा आहे? माणसे जातात आणि मोटारींमध्ये मिसळतातही, अशी दोन्ही उत्तरे आली तर २० राहू द्यायचे.

‘लक्षणीय’ म्हणजे किती, हे ठरवायला जागेच्या कसोट्या दिल्या होत्या : शैक्षणिक संस्थेपासून, समाजमंदिरासारख्या सार्वजनिक केंद्रापासून किंवा रुग्णालयापासून पायी १०० मीटरच्या आत असलेला रस्ता, आणि ज्याच्या तोंडावर दर किलोमीटरला २० पेक्षा जास्त घरे किंवा दुकाने आहेत असा रस्ता.

ही मोजणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहण्यासारखे आहे. समजा, आठशे मीटरचा एक रस्ता आहे. सुरुवातीच्या तीनशे मीटरांत एका बाजूला जोडघरांची रांग आहे, त्यांचे दरवाजे थेट पदपथावर उघडतात, आणि अशी १८ घरे आहेत. पुढच्या पाचशे मीटरांत उजवीकडे गोदामाची भिंत, डावीकडे कुरण, अधूनमधून एखादे फाटक. पूर्ण रस्ता धरला तर दर किलोमीटरला साडेबावीस घरे येतात आणि रस्ता २० चा राहतो. तुकडे पाडले तर पहिला तुकडा किलोमीटरला ६० घरांचा, दुसरा जवळपास शून्याचा. पहिला २० आणि दुसरा ३० होऊ शकतो. पण फार छोटे तुकडे पाडले की चालकाला दर मिनिटाला वेगळा आकडा दिसतो आणि तो एकाही आकड्याकडे लक्ष देत नाही. मोजपट्टी तीच, पण कुठून कुठवर लावायची हे परिषदेच्या अभियंत्याच्या हाती. काही परिषदांनी मोकळ्या मनाने अपवाद केले. काहींनी सूचनांचा शब्दशः अर्थ घेतला, आणि अपवाद केलेल्या रस्त्यावर उद्या अपघात झाला तर जबाबदार कोण, या भीतीने हात आखडता घेतला. त्यामुळे एकाच जातीचे दोन रस्ते परिषदेची हद्द ओलांडताच वेगवेगळ्या मर्यादांचे झाले. मूळ सूचनांचा खरा दोष मला इथे दिसतो. कारण देण्याची जबाबदारी परिषदेवर टाकली, पण कारण दिल्यावर तिच्या पाठीशी कोण उभे राहील हे सांगितले नाही.

याची चाहूल आधी लागली नव्हती असे नाही. २०२१-२२ मध्ये आठ ठिकाणी पूर्वप्रयोग झाला होता, आणि त्यांपैकी ईशान्य वेल्समधील फ्लिंटशायर परगण्यातल्या बकली या गावात लोकांनी जोरदार विरोध केला होता. त्यांचे म्हणणे गल्ल्यांविषयी नव्हतेच. गावातून जाणारे मुख्य रस्तेही २० चे का, असे ते विचारत होते. देशभर अंमल झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, फक्त बकलीऐवजी सगळीकडून.

पाट्यांची उलटापालट

मूळ नियम बदलला की पाट्यांचा हिशेबही उलटा होतो, आणि हा भाग बाहेरच्या माणसाला गमतीचा वाटेल. ज्या रस्त्याची मर्यादा दिव्यांवरून ठरते तिथे ती पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या छोट्या पाट्या लावायच्या नाहीत, असा नियम आहे; कारण काही ठिकाणी लावल्या तर न लावलेल्या ठिकाणी ती मर्यादा नाही असा समज होतो. त्यामुळे ज्या गल्ल्या आधीपासून २० च्या होत्या आणि जिथे खांबाखांबावर २० च्या छोट्या गोल पाट्या होत्या, तिथल्या त्या पाट्या उतरवाव्या लागल्या. उलट, ३० च ठेवलेल्या रस्त्यांवर आजवर कधीच नसलेल्या ३० च्या छोट्या पाट्या ठरावीक अंतराने लावाव्या लागल्या. गावाच्या वेशीवरच्या मोठ्या पाट्यांचा आकडा बदलला. वेल्समध्ये रस्त्याच्या पृष्ठभागावर इंग्रजी सूचनेच्या जोडीला वेल्श भाषेत ‘आरव’ असे रंगवलेले असते, म्हणजे सावकाश. ती अक्षरे आहेत तिथेच राहिली, आणि अर्थाने पहिल्यांदाच आसपासच्या पाट्यांशी जुळली असे म्हणता येईल. या सगळ्या उलाढालीचा खर्च तीन कोटी पौंडांहून अधिक झाला.

अंमल सुरू होताच अनेक गावांत नव्या पाट्यांवर रंग फासला गेला. विरोधकांचा आवडता शब्द होता ‘सरसकट’. सरकारचे म्हणणे की अपवादांची सोय आहे, म्हणून हे सरसकट नाही. विरोधकांचे म्हणणे की आमच्या रस्त्याला अपवाद मिळाला नाही, म्हणून हे सरसकटच आहे. परिवहनाची जबाबदारी असलेले उपमंत्री ली वॉटर्स यांच्यावर सेनेडमध्ये अविश्वासाचा ठरावही आला आणि फेटाळला गेला. वादात सर्वांत जास्त फिरला तो ४५० कोटी पौंडांचा आकडा. तो सरकारच्याच टिपणातून आलेला होता : प्रत्येक फेरीला लागणारा सुमारे मिनिटभराचा जास्तीचा वेळ देशातल्या सगळ्या फेऱ्यांनी गुणायचा, त्याला पैशाचे मोल लावायचे, आणि तीस वर्षांची बेरीज करायची. हिशेबाची पद्धत मान्यताप्राप्त आहे, पण दाराशी पोचायला एक मिनिट उशीर झाल्याने कोणाच्या खिशातून किती पौंड गेले, हे ती पद्धत सांगू शकत नाही. दुसऱ्या बाजूला, एडिनबरो नेपियर विद्यापीठ आणि वेल्सची सार्वजनिक आरोग्य यंत्रणा यांच्या अंदाजानुसार वर्षाला ६ ते १० जीव वाचणार होते आणि १,२०० ते २,००० जण जखमी होण्यापासून वाचणार होते. हा आकडा मात्र वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मागे पडला.

उशिराची खरी तक्रार बसकंपन्यांची होती आणि ती रास्त होती. मोटारीचा एक मिनिट गेला तर गेला; बस मात्र दिवसभर तोच मार्ग फिरते, प्रत्येक फेरीतला मिनिट पुढच्या फेरीत जमा होतो, आणि संध्याकाळी एक फेरी कमी करावी लागते किंवा एक बस वाढवावी लागते. उत्तर वेल्समधील लांबच्या मार्गांवर वेळापत्रके बदलावी लागली. ज्या धोरणाचा हेतूच लोकांनी मोटार सोडून पायी, सायकलने आणि बसने जावे असा होता, त्याचा फटका बसला बसावा, ही विसंगती मुख्य रस्त्यांच्या अपवादांकडेच बोट दाखवते.

दंडाआधी दहा मिनिटे

अंमलबजावणीची बाजू तुलनेने शहाणपणाने हाताळली गेली. कागदावरची मर्यादा २० असली तरी कारवाई ताशी २६ मैलांपासून पुढे होत असे. दहा टक्के अधिक चार मैल अशी ही सवलत. शिवाय पोलिसांनी आणि अग्निशमन दलाने मिळून ‘ऑपरेशन इगाइन’ चालवले. ‘इगाइन’ म्हणजे वेल्श भाषेत वीस. रस्त्याकडेला अडवलेल्या चालकाला दंड आणि परवान्यावर चढणारे दंडाचे गुण यांऐवजी तिथेच दहाएक मिनिटे थांबून अग्निशमन दलाच्या जवानांकडून थांबण्याच्या अंतराविषयी ऐकण्याचा पर्याय दिला जाई. गाडीच्या पत्र्यातून माणसाला कापून बाहेर काढणारा माणूसच १२ आणि २३ मीटरांचा फरक समजावून सांगतो, तेव्हा त्याचे वजन पावतीपेक्षा जास्त पडत असावे.

आकडे काय म्हणतात

वेल्सच्या परिवहन संस्थेने निवडक ठिकाणच्या मुख्य रस्त्यांवर बदलाआधी आणि बदलानंतर वेग मोजले. सरासरी ताशी २८.९ मैलांवरून २४.८ वर आली. म्हणजे लोक २० पाळत नव्हते. पण नुसत्या पाट्यांनी आधीच्या अभ्यासात एक मैलही न उतरलेला वेग इथे चार मैलांनी उतरला. दोन्ही मोजण्या वेगळ्या जातीच्या रस्त्यांवरच्या आहेत, त्यामुळे त्यांची थेट तुलना पुरती न्याय्य नाही. ज्या रस्त्यावर वेग आधी जास्त, तिथे उतरायला जागाही जास्त. तरीही मला वाटते की देशभर एकाच दिवशी मूळ नियम बदलण्याचा यात वाटा असणार. एका गल्लीत २० असते तेव्हा मागची गाडी हॉर्न वाजवते. सगळीकडे २० असते तेव्हा पुढची गाडीच मागच्या सगळ्यांचा वेग ठरवते.

अपघातांचे आकडे याहून ठळक आहेत. २०२२ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत २० आणि ३० च्या रस्त्यांवर ६८१ जण जखमी किंवा मृत झाले होते. २०२३ च्या त्याच तिमाहीत ४६३. एका तिमाहीवरून निष्कर्ष काढू नये, कारण लहान देशात पाऊस, सुट्ट्या, दोन-तीन मोठे अपघात एवढ्यानेही आकडा हलतो, आणि तसा इशारा आकडे जाहीर करणाऱ्यांनीही दिला होता. पण पुढच्या तिमाह्यांतही संख्या बदलाआधीच्या पातळीवर परत गेली नाही. २० आणि ३० दोन्ही रस्त्यांची बेरीज का घेतली, असे विचारणाऱ्याने लक्षात ठेवावे की एका रात्रीत हजारो रस्ते एका गटातून दुसऱ्या गटात गेले. फक्त ३० च्या रस्त्यांवरचे अपघात पाहिले तर ते कमी दिसणारच, आणि फक्त २० च्या रस्त्यांवरचे पाहिले तर ते वाढलेलेच दिसणार. समाजमाध्यमांवर हे दोन्ही अर्धवट आकडे आपापल्या सोयीने फिरवले गेले.

दुरुस्ती

मार्च २०२४ मध्ये ड्रेकफर्ड पायउतार झाले, वॉटर्सही गेले आणि परिवहन खाते केन स्केट्स यांच्याकडे आले. स्केट्स उत्तर वेल्समधलेच आमदार, म्हणजे जिथे तक्रार सर्वांत मोठी होती तिथले. त्यांनी मूळ नियमाला हात लावला नाही. निवासी गल्ल्या, शाळा, रुग्णालये यांच्याजवळ २० च राहील, पण मुख्य रस्त्यांबाबत लोकांनी आपापल्या परिषदेला सांगावे, असे त्यांनी जाहीर केले. जुलै २०२४ मध्ये अपवादांच्या नव्या सूचना आल्या. त्यांनी परिषदांना रस्त्याचे काम आणि तिथली वर्दळ पाहून निर्णय घेण्याची अधिक मोकळीक दिली, मोजपट्टीचा काटेकोरपणा सैल केला, आणि नव्या फेरीसाठी सरकारने पैसेही दिले. जे आधीच्या सूचनांत नव्हते, म्हणजे परिषदेच्या पाठीशी उभे राहणे, ते इथे निदान कागदावर तरी आले.

पण कलम ८४ तेच राहिले. एखादा रस्ता पुन्हा ३० चा करायचा तर त्या रस्त्यासाठी मसुदा आदेश, जाहीर सूचना, हरकतींसाठी किमान २१ दिवस, आलेल्या हरकतींवर परिषदेचा निर्णय, मग अंतिम आदेश हा सगळा क्रम पुन्हा करावाच लागतो. मंत्र्याने सभागृहात सांगितले म्हणून रस्त्याची मर्यादा बदलत नाही. अनेक ठिकाणी अर्जांच्या गठ्ठ्यात काही अर्ज उलटेही निघाले : आमच्या घरासमोरचा रस्ता पुन्हा ३० करू नका, असे सांगणारे. त्यामुळे अभियंत्याला पुन्हा त्याच रस्त्याच्या कडेने, या वेळी दोन्ही बाजूंचे अर्ज हातात घेऊन, दारे मोजत जावे लागले. आठशे मीटरच्या त्या रस्त्यावर कुरणाकडचा तुकडा ३० चा झाला तर तिथे खांबाखांबावर ३० च्या छोट्या पाट्या चढतात, आणि जोडघरांच्या रांगेसमोरून मात्र एकही पाटी न लावता, दिव्यांच्या हिशेबाने, २० च राहते.